मधला भाग कुणाकडे आहे?

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, भोपाळच्या सोनागिरी भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत, चहा येण्याच्या जरा आधी. वेळ मुद्दाम सांगते आहे, कारण या सगळ्या प्रकरणाशी चहाचा संबंध आहे.

झालं एवढंच. आईनं हात वर केला आणि म्हणाली, "शेवटाबद्दल मला थोडं बोलायचंय."

मंडळाचे अध्यक्षकाका हसून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे मधला भाग होता ना? मधल्याचं चहानंतर बघू."

आई "बरं" म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली. चहा झाला. निम्मी मंडळी स्वेटर सावरत उठली, उरलेल्यांनी सांचीच्या सहलीचं ठरवलं. आईनं कप विसळले. आम्ही घरी आलो.

यात अन्याय कुठे, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. मी तीन वर्षं या शहरातल्या वस्त्यांमध्ये पत्रकं वाटते आहे, नळाची, नालीची, घराच्या पट्ट्यांची, म्हणजे जागेच्या हक्काच्या कागदांची. हिंदीत लिहिते, कारण तिथे तेच चालतं. एक गोष्ट शिकले आहे. अन्याय म्हटलं की लोकांना लाठी दिसायला हवी असते. कुणी ओरडलेलं हवं, ढकललेलं हवं. हसतमुखानं "चहानंतर बघू" म्हणणं कुणाच्या खातीच जमा होत नाही. नगर निगमच्या खिडकीवरचा माणूसही मला "मॅडम, लंच के बाद" असंच म्हणतो. त्याचा राग करून करून आता मी थकले आहे. पण खिडकी परकी असते. हे तर आपलेच लोक.

मधला भाग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

बाबा मोठ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून भोपाळला आले तेव्हा इथल्या मराठी घरांची ग्रंथसंपत्ती म्हणजे सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या ट्रंकेत जे बसेल ते. लोणची, मेतकूट आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली एखादी जाडजूड कादंबरी. प्रत एकच, वाचणारी घरं वीस. मग मंडळातल्या एका ड्राफ्ट्समननं शक्कल काढली. त्याला बाइंडिंगचा नाद होता. जाड पुस्तक त्यानं शिवणीवर उसवलं, त्याचे तीन भाग केले आणि प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरचं पुठ्ठ्याचं वेष्टण घातलं. पहिला, मधला, शेवटचा. एकाच वेळी तीन घरांत एकच कादंबरी वाचली जायची, मग अदलाबदल. त्या माणसाचा हेतू चांगला होता, हे मला मान्य आहे.

त्यातूनच पुढे 'समोरासमोर' सुरू झालं. महिन्याच्या एका रविवारी दोन जुनी, थोर मानलेली पुस्तकं समोरासमोर ठेवायची. एक आपलं, एक बाहेरचं, अनुवादित. ज्यांच्याकडे पहिले भाग असतील त्यांनी दोन्ही सुरुवातींची तुलना करायची: गोष्ट सांगतो कोण, घर आधी येतं की माणूस, बोली कुठली. ज्यांच्याकडे शेवटचे भाग, त्यांनी शेवटांची. कुठल्या कॉलेजातही इतक्या नेमानं कुणी हे करत नसेल. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे पुस्तकं तीन तुकड्यांतच मिळतात.

पण हळूहळू वाटप ठरूनच गेलं. पहिला भाग साहेब लोकांकडे, कारण सुरुवात करून देण्याची त्यांना सवय. शेवटचा भाग निवृत्त झालेल्यांकडे, कारण निष्कर्ष काढणं हेच त्यांचं उरलेलं काम. आणि मधला बायकांकडे. "मधे काय, चालूच असतं!" असं अध्यक्षकाका म्हणायचे, आणि त्यावर बायकाही हसायच्या. आईसुद्धा. मधल्या भागावर बोलायची वेळ चहानंतरची ठरली होती. म्हणजे कधीच ठरली नव्हती.

अदलाबदल व्हायची, नाही असं नाही. पण ती सभा होऊन गेल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी. त्यामुळे माझ्या आईनं थोर साहित्य कसं वाचलं म्हणाल, तर मधे शिरून. कोण कुणाचा कोण, हे ठाऊक नसताना. मग हाताला लागेल तेव्हा शेवट, आणि सगळ्यात शेवटी सुरुवात. एखाद्या नायकाचं लग्न तिला त्याच्या तेराव्यानंतर कळायचं.

जानेवारीतली दोन पुस्तकं अशी होती. एक आपल्याकडची जुनी कादंबरी, नदीकाठच्या गावातल्या एका विधवा सुनेची. दुसरी बर्फाळ मुलखातली, जमीनदाराच्या घराची. आपल्या कादंबरीच्या शेवटी सून पहाटे रिकाम्या हातांनी घर सोडून जाते. बर्फातल्या कादंबरीच्या शेवटी म्हातारा जमीनदार वादळात स्वतःच्याच घराचं मागचं दार ठोठावत राहतो, ते कुणी उघडत नाही, आणि तो उंबऱ्याशी गोठून मरतो. दोन्हींच्या सुरुवाती आणि शेवट सभेत वाचून दाखवले, मग ठरलं की पहिल्या पुस्तकाचा शेवट त्यागाचा आहे आणि दुसऱ्याचा दैवाचा. अध्यक्षकाका म्हणाले, "पूर्व आणि पश्चिम, हाच तो फरक." टाळ्या पडल्या. तेव्हाच आईनं हात वर केला होता.

तिला काय बोलायचं होतं, ते तिनं मला त्याच संध्याकाळी मेथी निवडता निवडता सांगितलं.

"त्याग नाही आणि दैव पण नाही," आई म्हणाली. "दोन्हीकडे किल्ली आहे."

"कसली किल्ली?"

"आपल्या पुस्तकात मधे गौरीचे दिवस आहेत. घर पाहुण्यांनी भरलंय. आणि सगळ्यांसमोर दीर तिच्या कमरेचा कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा काढून घेतो. हसत हसत, थट्टा केल्यासारखा. सव्वा पान आहे फक्त. त्यानंतर ती त्या घरात कशालाच हात लावत नाही. रिकाम्या हातांनी गेली म्हणे! हात केव्हाचे रिकामे होते तिचे."

"आणि बर्फातलं?"

"तिथे एक मोलकरीण आहे. मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे असते. म्हाताऱ्याला संशय येतो, तो किल्ली हिसकून स्वतःच्या कोटात ठेवतो. तो कोट पुढे जुगारात हरतो. हे सगळं मधे. मग शेवटी दार कसं उघडेल? ती आतून रडतेय, पण तिच्याकडे किल्लीच नाही. दैव कसलं डोंबलाचं!"

बाबा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "अगं, मग सांगायचंस की तिथे."

"तिथे चहा होता," आई म्हणाली.

मग ती आणखी एक बोलली, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण सोडतही नाही. ती म्हणाली, "सुरुवातीला दहा वर्षं एका परिच्छेदात जातात. शेवटी माणूस एका पानात मरतो. आणि मधे एका आजारपणाची दुपार संपता संपत नाही. पाणी कोण उकळतंय, चादरी कोण वाळत घालतंय, सगळं. दोन्ही पुस्तकांत. एवढे लांब राहणारे दोन लेखक, पण दोघंही तिथेच हळू चालतात. का, ते विचारायचं होतं मला. सगळ्यांना."

मी म्हटलं, "मी लिहिते यावर. पत्रक काढते."

"तू आधी जेव," आई म्हणाली.

उन्हाळ्यात मंडळाचं स्थलांतर झालं. सोनागिरीची खोली गळायची, आणि शाहपुऱ्यात तलावाजवळ एक चांगला हॉल मिळाला. वातानुकूलित, पायऱ्यांना स्टीलचे कठडे. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली असायची, ती आईनं देऊन टाकली. कार्यकर्त्यांनी कपाटातलं सगळं टेम्पोत भरलं. गणपतीत आरतीनंतर अध्यक्षकाकांनी जाहीर केलं की आपले सगळे अभिजात ग्रंथ नव्यानं बांधून घेतले आहेत, तीन तुकड्यांचे दिवस संपले, आता प्रत्येकाला पूर्ण पुस्तक. पाठीवर सोनेरी अक्षरं. काचेचं कपाट. खरंच सुंदर दिसत होतं.

आई हरखली. इतकी वर्षं भोपाळमध्ये काढल्यावर ती पहिल्यांदाच एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचणार होती. तिनं बर्फातलंच मागून घेतलं. परत येताना मिनीबसमध्ये ते मांडीवर धरून बसली होती.

दोन दिवसांनी तिनं मला हाक मारली. तिच्या एका हातात सोनेरी अक्षरांचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात जुना, कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा मधला भाग. तो आमच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या फोटोमागे, जानेवारीपासून पडून होता.

"बघ," ती म्हणाली. पान एकशे अडतीसनंतर एकदम तीनशे चार. म्हातारा कोट घालून जिना उतरत होता आणि उलटलेल्या पानावर बिनकोटाचा बर्फात उभा होता.

मला समजायला वेळ लागला. पहिले आणि शेवटचे भाग सभेनंतर परत यायचे, कपाटात जायचे. मधल्या भागांवर सभाच व्हायची नाही, त्यामुळे ते परत करायची घाई कुणालाच नसायची. "राहू द्या वहिनी, पुढच्या वेळी आणा." ते घराघरांत राहिले. कुणाच्या शोकेसमध्ये, कुणाच्या शिलाईमशीनच्या ड्रॉवरमध्ये. टेम्पोत जे चढलं ते बाइंडरकडे गेलं, आणि त्यानं हातात आलेलं नीट शिवून दिलं.

आमच्या मंडळानं सगळ्या थोर पुस्तकांचे मधले भाग घरोघरी विसरून त्यांना पूर्ण केलं होतं.

आणि आता ऐका. पुस्तकं पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बांधून आली होती आणि आधी ज्येष्ठांकडे गेली होती. गणपतीपर्यंत त्यांवर दोन सभा झाल्या. तुलना झाल्या, टाळ्या झाल्या. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मी हसले नाही. मला राग यायला हवा होता, तोही धड आला नाही. मी खुर्चीत बसून राहिले. बाबा मात्र हसून हसून बेजार झाले. "आता काढ मोर्चा! मधला भाग जिंदाबाद!" आईनं त्यांना नुसतं "अहो" म्हटलं.

मधले भाग शोधायला आधी आम्ही अयोध्या नगरला गेलो, नागपूरच्या काकूंकडे. आईसारखाच त्यांच्याकडेही मधला भाग जायचा. त्यांनी दार उघडलं आणि आमचं ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "मी तं वाटच पाहून राहिली होती, कोणी येते का न्यायले!"

दिवाणाखालून त्यांनी एक गाठोडं ओढलं. जुन्या साडीत बांधलेले मधले भाग. कितीतरी.

"काकू, हे परत का नाही केलं?" मी विचारलं.

"कोणी मागितले काय? मी नेले होते ना एकदा, तं अध्यक्ष म्हणे, काकू, कपाटात जागा नाही. म्हटलं, बरं बाप्पा, माह्याकडे आहे जागा." मग आईकडे वळून, "त्या आजारपणाच्या दुपारीचं वाचलं न तुम्ही? मोलकरीण चादरी वाळू घालते ते? मले तं वाटलं, लेखक माह्या घरी येऊन गेला."

मग त्या दोघी बोलत बसल्या. मी चिवडा खात ऐकत होते. आपल्या पुस्तकातला सांगणारा सगळ्यांच्या मनात जातो, अगदी गाभाऱ्यातल्या पुजाऱ्याच्यासुद्धा, पण स्वयंपाकीणबाईच्या मनात एकदाही नाही. बर्फातला सांगणारा कुत्र्याच्याही मनात शिरतो, आणि मोलकरणीच्या मनात एकदाच, त्या चादरींच्या वेळी. तो एकदा का गेला आणि हा एकदाही का नाही? काकू म्हणाल्या, आपल्याला लाज वाटली असेल. आई म्हणाली, लाज नाही, सवय. यावर त्यांचं बराच वेळ जमलं नाही. इतकी चांगली सभा मी शाहपुऱ्यात पाहिलेली नाही, सोनागिरीतही नाही. आणि ती ऐकायला एक मी आणि एक मांजर.

तिथून शाहपुरा. अध्यक्षकाका हॉलवरच होते. आईला पाहून उठून उभे राहिले, मला "ये बेटा" म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताची सोय त्यांनीच केली होती. त्यामुळेच सगळं कठीण होतं.

"काका, ही पुस्तकं अपुरी आहेत," मी म्हटलं.

"अपुरी कशी? सुरुवात आहे, शेवट आहे."

"मधलं?"

त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा वर केला, पानं उलटली. परत उलटली. "अरे," म्हणाले, आणि खाली बसले. मग कपाटातलं दुसरं काढलं, तिसरं काढलं. थोड्या वेळानं, अगदी प्रामाणिकपणे, कुणाला दोष न देता ते म्हणाले, "पण माझं श्रावणातलं भाषण तर छान झालं होतं."

माझ्याकडे घोषणा होत्या, पण या वाक्याला लागू पडेल अशी एकही नव्हती.

"वहिनी," ते पुस्तक मिटून म्हणाले, "मधले भाग आणून द्या. गुपचूप परत बांधून घेऊ. उगाच ग्रुपवर चर्चा नको. काय?"

आई म्हणाली, "देईन. पण आधी मला बोलायचंय. दोन्ही पुस्तकांवर. सुरुवात, मधलं, शेवट, सगळं. आता माझं सगळं वाचून झालंय."

"अवश्य! का नाही?"

"चहाच्या आधी."

काका हसले. तेच हसू. "कार्यकारिणीत ठेवतो विषय."

आठवडाभरानं ग्रुपवर निरोप आला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी 'समोरासमोर'. पहिलं सत्र, तुलना: अध्यक्ष व ज्येष्ठ सदस्य. मग चहा. मग 'महिलांचे मनोगत'. खाली दोन फुलं आणि हात जोडलेले.

मनोगत! दोन भाषांतली, दोन मुलखांतली पुस्तकं तळहातावर घेऊन जिनं किल्ल्या शोधून काढल्या, तिचं मनोगत. आणि ज्यांनी मधली पानं नसलेली पुस्तकं वाचली, त्यांची तुलना. मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. मथळा लाल: 'कादंबरीत किल्ली हिसकावली, मंडळात कपाटाची किल्ली हिसकावली!'

आईनं वाचलं आणि पेन मागितला. दुसरा अर्धा भाग खोडला.

"कपाटाची किल्ली मी आपण होऊन दिली. कुणी हिसकावली नाही."

"आई, पण जुळतंय ना किती!"

"म्हणूनच नको. जुळतंय म्हणून लिहायचं नसतं. तेच तर केलं त्यांनी, पूर्व आणि पश्चिम."

मी तिला विचारलं, तू चिडत कशी नाहीस? ती मोबाईलवर तो निरोप परत वाचत होती. म्हणाली, "चिडून झालं गं. तुझ्या जन्माच्या आधीच झालं. आता मला फक्त बोलायचंय. चहानंतर तर चहानंतर. कुणी थांबलं तर."

कुणी थांबलं तर. त्या तीन शब्दांनी माझा उरलासुरला उत्साह गेला. मधले भाग तिनं अजून दिलेले नाहीत. काकूंचं गाठोडं आणि आमच्या शोकेसमधला भाग, सगळं आमच्या दिवाणाखाली आहे. बोलून झालं की त्याच दिवशी ती ते मंडळाला देणार आहे. न बोलताही देईल, तिला मी ओळखते. कप विसळून देईल आणि परत कधी हात वर करणार नाही.

म्हणून पत्रक मी काढलं नाही. हे लिहिलं. यात घोषणा नाही, मागणी आहे, आणि ती मंडळाकडे नाही, तुमच्याकडे आहे. या मंडळातून कधी एखादं पुस्तक तुमच्या घरी आलं असेल तर उठा आणि शोकेस बघा, ड्रॉवर बघा, दिवाणाखाली बघा. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा मधला भाग सापडला तर घेऊन या. दिवाळीच्या आधीच्या रविवारी शाहपुऱ्यात या. पहिल्या सत्राला हव्या तेवढ्या टाळ्या वाजवा. चहा घ्या, पोहे घ्या, कप तुमचा तुम्ही विसळा, म्हणजे तिला आत जावं लागणार नाही. आणि मग घरी जायला उठू नका. खुर्चीवर परत येऊन बसा, आणि आईचं बोलून होईपर्यंत बसून राहा.